दाणा नक्की कधी द्यायचा : दोन तलंगांच्या ट्रेनिंगच्या नोंदी

२ नोव्हेंबर

प्रोजेक्ट असा आहे. एकाच उबवणीतल्या दोन गावरान तलंगा घेतल्यात, एक काळी आणि एक तांबडी, अजून अंड्यावर आलेल्या नाहीत. दोघींना एकच काम शिकवायचं, टेबलावर तीन झाकणं ठेवायची लाल पिवळं निळं आणि तिने फक्त लाल झाकणावर टोच मारायची. फरक एवढाच की काळीला टोच मारल्यामारल्या दाणा आणि तांबडीला पाचेक सेकंद थांबून. बाकी दाणा तोच, टेबल तेच, वेळ सकाळचीच. बघायचंय की ह्या पाच सेकंदांनी नक्की काय बिघडतं.

कुत्रं का नाही असं पुतणीने विचारलं. कुत्र्याला आपण आवडतो, त्यामुळे आपला टायमिंग गंडला तरी ते आपल्याकडे बघून बघून अंदाजाने शिकून घेतं. कोंबडीला आपल्याशी काही देणंघेणं नाही, तिला दाण्याशी मतलब. शिवाय तिच्या हालचाली इतक्या फास्ट की अर्धा सेकंद उशीर झाला तरी ती तोवर दुसरंच काहीतरी करत असते. आणि ही काय माझी आयडिया नाही. अमेरिकेत केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे नवरा-बायको स्किनर नावाच्या सायकॉलॉजिस्टचे विद्यार्थी, दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून बॉम्ब गाईड करून घ्यायचा जो प्रोजेक्ट होता त्यावर काम केलेले, ते युनिव्हर्सिटी सोडून प्राणी ट्रेन करायच्या धंद्यात उतरले आणि सुरुवातीची कामं कोंबड्यांचीच, जनरल मिल्सच्या पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी. १९५५ मध्ये आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जला त्यांनी आय क्यू झू काढलं, तिथे कोंबड्या पियानो वाजवायच्या, फुली-गोळा खेळायच्या. पुढे मॅरियनने बॉब बेली यांच्याशी लग्न केलं, ते आधी अमेरिकन नेव्हीचे डॉल्फिन ट्रेन करायचे, आणि ह्या दोघांनी कुत्र्यांच्या ट्रेनर लोकांना शिकवायला कोंबड्याच वापरल्या. म्हणजे शिकायचं माणसाने, कोंबडी फक्त आरसा दाखवणार.

आई म्हणाली, शिकवून काय एमपीएससीला बसवणार का तिला.

३ नोव्हेंबर

सामान. बटणाचं बॉलपेन, टक वाजणारं, हा आपला क्लिकर, म्हणजे बरोबर केलंस हे कोंबडीला सांगणारा आवाज. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते प्लास्टिकचं माप, त्यात तांदळाची कणी आणि बाजरी, वर अंगठा ठेवला की बंद, काढला की कोंबडीला एक-दोन टोचा खायला मिळतात आणि परत बंद. झाकणं बरण्यांची, खाली डबल टेप. टेबलावर जुनं पोतं अंथरलंय कारण सनमायक्यावर तिचे पाय सटकतात आणि पाय सटकणारी कोंबडी काहीही शिकत नाही.

भुकेचं म्हणाल तर उपाशी ठेवायचं नाही. फक्त सकाळी खुराडं उघडल्यावर बाकीच्यांना दाणा टाकायच्या आधी ह्या दोघींना एकेक करून टेबलावर घ्यायचं, पाच-सात मिनिटं, बास.

५ नोव्हेंबर

पहिले दोन दिवस फक्त टक आणि दाणा. टक आधी, दाणा नंतर, एकदम नाही. दाणा दिसत असतानाच टक केलं तर टकचा काही उपयोग नाही, ती दाण्याकडेच बघत असते, टक ऐकायची तिला गरजच नसते. टक हा निरोप आहे आणि निरोप आधीच यायला पाहिजे. पावलोव्हच्या कुत्र्यांचंही हेच, खुणेचा आवाज अन्नाच्या जरा आधी आला तर लाळ सुटायला शिकतात, अन्नानंतर आला तर फारसं काही होत नाही.

काळीला फार वेळ लागला नाही. आता ती दुसरीकडे बघत असली तरी पेन वाजलं की मान गर्रकन मापाकडे. तांबडीचं हे ट्रेनिंग मुद्दाम केलेलं नाही, तिला सध्या टेबलावर नुसता दाणा, म्हणजे भीती जायला.

९ नोव्हेंबर

काळीला लाल झाकण. अजून एकच झाकण ठेवलंय, पिवळं निळं नंतर. आधी झाकणाकडे बघितलं तरी टक, मग एक पाऊल टाकलं की टक, मग मान खाली गेली की, मग चोच लागली की. थोडं थोडं करत पुढे न्यायचं. आज सकाळी तिने धाडकन टोच मारली आणि नंतर मारतच सुटली.

पुतणीने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं आणि ते बघण्यात आमची अर्धी संध्याकाळ गेली. टोच म्हणजे मान मागे, मान खाली, चोच टेकली, मान वर, हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. पेन कोण वाजवतंय त्यावर कोंबडी काय शिकते हे बदलतं. मी वाजवलं की टक येतो मान वर जाताना. पुतणीने वाजवलं की चोच झाकणाला टेकायच्या किंचित आधी, मान खाली येतानाच. ती खो-खो खेळते, पाठीवर थाप नक्की कधी द्यायची हे तिच्या हातातच आहे, समोरचा कुठे असणार हे बघून द्यायची, कुठे आहे हे बघून दिली की गेला तो. म्हणून पेन आता तिच्याकडे आणि माप माझ्याकडे. फरक लगेच दिसला, माझ्या टकवर काळी टोच मारून मान ताठ वर करून उभी राहायला लागली होती, सलाम ठोकल्यासारखी, ते पुतणीच्या टकवर एका सेशनमध्ये गेलं आणि टोचा जोरात यायला लागल्या. कोंबडीच्या दृष्टीने टोच मारणं आणि मान वर करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आपल्या दृष्टीने ते एकच आहे, आणि पगार तिला कुठल्या कामाचा मिळाला ते तीच ठरवणार.

११ नोव्हेंबर

तांबडी चालू. हिला टक नाही. झाकणाकडे बघणं, जवळ जाणं, चोच लावणं, सगळ्याला दाणाच पण पाच सेकंदांनी. हे करताना कळलं की उशीर करणं हे लगेच देण्यापेक्षा अवघड आहे. कारण मी नुसता हात हलवला तरी तिला कळतं की आता येतंय, म्हणजे माझा हात हाच टक होतो आणि उशीर उशीर राहतच नाही. म्हणून मापाच्या पुढे पुठ्ठा उभा केला, हात पुठ्ठ्यामागे, पुतणी घड्याळ बघून टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारते तेव्हा माप बाहेर.

हाच प्रॉब्लेम ग्राइस नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९४८ मध्ये उंदरांवर नीट सोडवला होता. उंदराने काळी आणि पांढरी वाट यातून एक निवडायची, बरोबर असेल तर खाणं, पण मध्ये काही वेळ एका करड्या खोक्यात थांबायचं जिथे बरोबर-चूक दोन्हीला सगळं सारखंच, कसलीही खूण नाही. अशा खुणा काढून टाकल्यावर अर्ध्या सेकंदाच्या उशिरानेसुद्धा शिकणं मंदावलं, पाच सेकंदांना शेकडो फेऱ्या लागल्या आणि १० सेकंदांना बऱ्याच उंदरांना जमलंच नाही. त्याच्या आधी लोकांना वाटायचं की उंदीर मिनिटभराचा उशीरही सहज पचवतात, पण ते पचवत होते मधल्या बारीकसारीक खुणांच्या जोरावर.

तांबडीचा पहिला रिपोर्ट: टोच मारते, मग वर बघते, मग एक पाऊल मागे, मग पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला चोच घासते. तेवढ्यात पाच सेकंद होतात आणि दाणा येतो.

१३ नोव्हेंबर

झालं तेच जे होणार होतं. तांबडी आता झाकणाला विचारत नाही. टेबलावर ठेवली की थेट पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला जाऊन चोच घासते, वर बघते, परत घासते. मध्येच कधी झाकणाला टोच लागते, मग मी नियमाप्रमाणे पाच सेकंदांनी दाणा देतो, आणि त्या पाच सेकंदांत ती काय करत असते? चोच घासत असते. तिच्या हिशेबात मी चोच घासायचे पैसे देतोय आणि खरं सांगायचं तर तिचा हिशेब बरोबर आहे.

लोक म्हणतात उशिरा दिलेल्या बक्षिसाचा असर कमी होतो. मला ते वाक्य आता अर्धवट वाटतं. असर कमी होत नाही, तो पत्ता चुकतो. पाच सेकंद म्हणजे काही मोकळी जागा नाही, कोंबडी त्यात उभी राहून वाट बघत नाही, ती त्यात जगत असते, आणि दाणा पूर्ण ताकदीनेच पडतो पण शेवटच्या कामावर पडतो.

स्किनरचा १९४८ चा कबुतरांचा पेपर इथे आठवणारच. आठ भुकेली कबुतरं, दर १५ सेकंदांनी खाणं, कबुतर काय करतंय याच्याशी खाण्याचा काडीचा संबंध नाही. आठातल्या सहांनी ठरलेल्या काहीतरी हालचाली सुरू केल्या, एक उलट्या दिशेने गोल फिरायचं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं, दोन घड्याळाच्या लंबकासारखी डुलायची. स्किनरने त्याला अंधश्रद्धा म्हटलं. पण १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅगने हेच परत नीट मोजून बघितलं तर खाणं यायची वेळ जवळ आली की बहुतेक कबुतरं टोचा मारण्यासारखंच काहीतरी करायची, म्हणजे चित्रविचित्र नाच योगायोगाने चिकटला असं नाही, पक्ष्याच्या पोटातच जे भुकेचं वागणं आहे तेच वर आलं. तांबडीची चोच घासायची सवय यातलं कुठलं? मला वाटतं दोन्ही. चोच ती तशीही घासते, सगळ्याच कोंबड्या खाल्ल्यावर घासतात. पण डाव्याच कडेला, दर वेळी, हे माझ्या पाच सेकंदांचं काम.

१५ नोव्हेंबर

सेशन नाही. रात्री मुंगूस आलं होतं, खुराड्याच्या जाळीला भोक. सगळ्या बिथरलेल्या. जाळी बांधली.

१६ नोव्हेंबर

आज टेबल सोडून आईचं निरीक्षण केलं, तिला न सांगता. आमच्या मागच्या दाराला कोंबड्या येऊन जो कालवा करतात तो कुणी शिकवला हे बघायचं होतं. आई स्वयंपाक करत असते, कोंबड्या उंबऱ्यावर येतात, ओरडतात, आई मी मोकळी असं म्हणत भाकरीचा तुकडा फेकते. दर वेळी नाही फेकत, कधी दुसऱ्यांदा ओरडल्यावर, कधी दहाव्यांदा, कधी हात मोकळा नसेल तर नाहीच. आणि फेकते ती नेमकी त्या ओरडत असतानाच, टायमिंग एकदम कडक, पुतणीच्याही वरचं.

दर वेळी बक्षीस नाही, कधी येईल सांगता येत नाही, हे वेळापत्रक सगळ्यात चिवट सवय लावतं. फर्स्टर आणि स्किनरने १९५७ मध्ये यावर एक जाडजूड ग्रंथच काढला, कबुतरांच्या टोचांचे ग्राफच ग्राफ. ठरावीक वेळाने मिळणार असेल तर पक्षी मधे आरामात बसतो आणि वेळ जवळ आली की कामाला लागतो. किती टोचांनंतर मिळेल हेच माहीत नसेल तर थांबतच नाही, आणि देणं बंद केलं तरी कितीतरी वेळ मारत राहतो.

आईला म्हणलं आठवडाभर दारात काही फेकू नकोस बघू काय होतं. म्हणाली बघ.

१८ नोव्हेंबर

आधी आवाज वाढला. मग उंबरा ओलांडून आत. आज सकाळी एक कोंबडी ओट्यावर चढली, पिठाच्या परातीत पाय. आईने हाकलायला म्हणून कालची अर्धी भाकरी लांब अंगणात भिरकावली. म्हणजे आता ओट्यावर चढण्याला अर्धी भाकरी असा रेट निघाला. बक्षीस बंद केल्यावर वागणं विझायच्या आधी एकदा भडकतं हे पुस्तकात असतंच, आणि नेमकं त्या भडक्यावर आपण हार मानतो हे घरात असतं. प्रयोग आईने बंद केला आहे. मी काही बोललो नाही.

२० नोव्हेंबर

तांबडीचा दुसरा टप्पा. तिला आता टक शिकवला, काळीसारखाच, वेगळ्या जागी, पुठ्ठा न ठेवता. आजपासून नियम असा की झाकणाला चोच लागली की पुतणीचा टक लगेच, पण दाणा पाच सेकंदांनीच. म्हणजे खाणं येण्याची वेळ जशी होती तशीच आहे, एक दाणाही लवकर नाही, फक्त निरोप लवकर.

पहिल्या सेशनला पुठ्ठ्याच्या कडेची वारी चालूच होती. टक आला की दचकून मापाकडे बघायची, माप नाही, मग परत कडेला.

२३ नोव्हेंबर

जमलं. तांबडी झाकणाला टोच मारते, टक होतो, मग पुठ्ठ्यासमोर येऊन उभी राहते. मधल्या वेळात पाय बदलते, एकदा चोच घासते, पण टेबलावर ठेवल्यावर पहिली जाते झाकणाकडे. तोच उशीर तिने टकच्या आधाराने पार केला.

डॉल्फिनवाल्यांना हे कधीपासूनच माहीत आहे कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता. डॉल्फिन हवेत उडी मारून वर असताना त्याच्या तोंडात मासा कसा देणार, तो खाली येऊन पोहत काठाशी येईपर्यंत उडी होऊन गेलेली असते. म्हणून शिट्टी, उडीच्या टोकाला. हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये १९६० च्या दशकात कॅरन प्रायर ह्याच पद्धतीने डॉल्फिन ट्रेन करायच्या आणि तिथून पुढे ही क्लिकरची पद्धत कुत्र्यांच्या ट्रेनिंगमध्ये लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा. पण टकचं स्वतःचं काही मोल नाही. टकनंतर दाणा यायचा थांबला की टक म्हणजे नुसतं पेन. ती उधारी आहे आणि प्रत्येक वेळी फेडायला लागते, चुकून वाजला तरी.

पुतणीचा प्रश्न, डोक्यात काय होतं मग? याचं उत्तर माकडांवरून बरंच माहीत आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूच्या अभ्यासकाने माकडांच्या मेंदूत डोपामिनच्या पेशींवर लक्ष ठेवलं, डोपामिन म्हणजे बक्षिसाशी संबंधित मेंदूतलं एक रसायन. अचानक ज्यूस मिळाला की पेशी फायर होतात. मग ज्यूसच्या आधी दिवा लागायला लागला आणि माकड ते शिकलं की पेशी दिव्याला फायर होतात, ज्यूसला नाही. आणि दिवा लागून ज्यूस आलाच नाही तर ज्यूस यायला पाहिजे होता नेमक्या त्या क्षणाला पेशी गप्प पडतात, नेहमीपेक्षा खाली. म्हणजे मेंदू बक्षीस मोजत नाही, अंदाजापेक्षा जास्त की कमी ते मोजतो आणि घड्याळ लावून मोजतो. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यूने सायन्स नावाच्या जर्नलमध्ये दाखवलं की हे कॉम्प्युटरवाल्यांच्या टेम्पोरल डिफरन्स पद्धतीशी जुळतं, जी रिचर्ड सटनने १९८८ मध्ये मांडली होती. त्यात मशीन शेवटच्या निकालाची वाट बघत बसत नाही, आत्ताचा अंदाज आणि पुढच्या क्षणाचा अंदाज यातला फरक घेऊन आधीचा अंदाज दुरुस्त करतं, आणि असं करत करत बक्षिसाची किंमत एकेक पायरी मागे सरकत सुरुवातीच्या खुणेपर्यंत येते. काळीची मान टकला वळते ती ह्याच सरकण्यामुळे.

आणि हा उशीर पेशीच्या पातळीवर किती चालतो तेही बघितलंय. २०१४ मध्ये जपानमधल्या यागिशिता आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूच्या कापांवर दाखवलं की पेशींमधल्या जोडणीला सिग्नल मिळाल्यानंतर साधारण ०.३ ते २ सेकंदांच्या आत डोपामिन आलं तरच ती जोडणी वाढते, आधी आलं किंवा फार नंतर आलं तर नाही. उंदीर आणि कोंबडी एक नाहीत, पण माझे पाच सेकंद त्या खिडकीच्या बरेच बाहेर पडतात आणि टक आत पडतो, हे बघून बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर

तिन्ही झाकणं. काळी लालवर पक्की, जागा बदलल्या तरी. रंग कोंबडीला आपल्यापेक्षा चांगले दिसतात, आपल्या डोळ्यात रंगाच्या तीन प्रकारच्या पेशी, तिच्या चार. तांबडी अजून मधल्या झाकणाला चिकटलेली आहे, मध्ये कुठलाही रंग ठेवा. चुकीला शिक्षा काही नाही, झाकणं उचलायची आणि थोडं थांबून परत ठेवायची.

२८ नोव्हेंबर

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस. सरकारी दवाखान्यातले येणार होते म्हणून आईने सकाळी ये ये करून दाणा टाकला, कोंबड्या धावत आल्या आणि एकेकीला धरून डालग्याखाली. काळीसकट. लस टोचून झाल्यावर सोडल्या.

संध्याकाळी आईने हाक मारली तर निम्म्या आल्याच नाहीत. ज्या सगळ्यात आधी धावत आल्या होत्या त्याच सगळ्यात आधी धरल्या गेल्या होत्या, म्हणजे हाकेला ओ देण्याचीच शिक्षा झाली. आपल्या मनात ती लस होती. गावात सगळ्यांना माहीत आहे की कोंबडी धरायची तर रात्री खुराड्यातून उचलायची, अंधारात ती हलत नाही, आणि त्यात हा पण एक फायदा आहे की रात्री धरल्याचा राग हाकेवर निघत नाही.

लसीवरून आठवलं, माणसांचं. लस टोचल्याचा त्रास आत्ता, मूल रडतं, दिवसाची मजुरी बुडते, आणि फायदा म्हणजे पुढे कधीतरी एक आजार होणार नाही, जो न झाल्याचं दिसतही नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेबरोबर बॅनर्जी, डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी यावर काम केलं, २०१० मध्ये बीएमजे ह्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. नुसती वेळेवर भरणारी लसीकरण शिबिरं ठेवली तिथे पूर्ण लसीकरण १८ टक्के झालं, शिबिर आणि वर दर लसीला एक किलो डाळ, सगळ्या लसी पूर्ण झाल्या की थाळ्यांचा सेट, तिथे ३९ टक्के. काहीच नव्हतं तिथे ६ टक्के. एक किलो डाळीने कुणाचं मत बदलत नाही, लसीला विरोध असता तर डाळीसाठी कुणी पोर टोचून घेतलं नसतं. पण डाळ आजच हातात येते.

३० नोव्हेंबर

काळीला जादा काम द्यायचा प्रयत्न. टोच मारून झाली की पाटावर दहाएक सेकंद शांत उभं राहायचं. टायमिंग चोख, टक चोख, आणि तरी ती पाट उकरते. जितका दाणा जास्त तितकं उकरणं जास्त. दोन्ही पायांनी मागे माती ओढल्यासारखं, खाली माती नाही तरी.

इथे ब्रेलँड जोडप्याचा १९६१ चा लेख कामाला आला. त्यांनाही कोंबडी प्लॅटफॉर्मवर नुसती उभी करायची होती, उकरणं काही जाईना, शेवटी त्यांनी त्यालाच नाचणारी कोंबडी म्हणून खपवलं. रॅकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवलं तर एक नाणं टाकायचं, दोन दिली की ती हातात चोळत बसायचं, खाणं धुतल्यासारखं. आयुष्यभर बक्षिसावर धंदा केलेल्या माणसांनीच लिहिलं की प्राण्याचा पिंड बक्षिसाला कधी कधी वाकवतो. वेळ साधली म्हणजे सगळं साधलं असं नाही. पाटाचा नाद सोडला, नाचणाऱ्या कोंबडीचं आमच्याकडे गिऱ्हाईक नाही.

२ डिसेंबर

आज कृषी केंद्रात उंदराचं औषध घ्यायला गेलो होतो आणि तिथे ह्या सगळ्या प्रोजेक्टचा अपवाद उभा होता.

झिंक फॉस्फाईड वापरलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे की आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवायचं, भरड्याला तेल लावून, उंदराला चटक लागू द्यायची आणि मग एक दिवस विष कालवायचं. सरळ विष ठेवलं तर उंदीर थोडंसं चाखतो, काही तासांत पोट बिघडतं, मेला नाही तर परत त्या आमिषाला तोंड लावत नाही. काही तास! माझी तांबडी पाच सेकंदांत हरवली आणि उंदीर तासांपूर्वीचा घास बरोबर पकडतो. म्हणूनच ब्रोमॅडिओलोन ह्या विषाचे केक चालतात, ते रक्त पातळ करतं, मरायला काही दिवस लागतात आणि त्यामुळे उंदराला त्या केकचा संशयच येत नाही.

जॉन गार्सिया नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९५५ पासून हे लॅबमध्ये दाखवलं, गोड पाणी प्यायल्यावर रेडिएशनने आजारी पडलेले उंदीर नंतर ते गोड पाणी टाळतात. सुरुवातीला लोकांना पटेना कारण सगळं शिकणं सेकंदांतच होतं अशी समजूत होती. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंगने पुढचं दाखवलं, मळमळ जोडली जाते चवीला, आवाज-उजेडाला नाही, आणि शॉक जोडला जातो आवाज-उजेडाला, चवीला नाही. पक्ष्यांचं अजून मजेदार. १९७१ मध्ये लावे पक्षी आणि उंदीर दोघांना आंबट आणि निळं केलेलं पाणी पाजलं आणि अर्ध्या तासाने आजारी पाडलं. उंदरांनी नंतर आंबट टाळलं, निळं नाही. लाव्यांनी दोन्ही टाळलं, पण निळं जास्त. दाणा टिपणारा पक्षी घास डोळ्याने ओळखतो.

म्हणजे किती उशीर चालेल हे काय कशाशी जोडायचंय त्यावर आहे. घास आणि पोट यांच्यात निसर्गातच उशीर असतो, तर तिथे मेंदूने तासांची सोय केलीय. टोच आणि दाणा यांच्यात निसर्गात उशीर नसतोच, दाणा चोचीतच असतो, तर तिथे सेकंदांचीसुद्धा नाही. पुतणीला सांगितलं तर म्हणाली मग काका आपण तांबडीला उगाच नापास केलं, पेपरच आउट ऑफ सिलॅबस होता.

५ डिसेंबर

तिचं म्हणणं डोक्यात राहिलं म्हणून अजून वाचलं. १९९० मध्ये लॅटल आणि ग्लीसन यांनी दाखवलंय की कबुतरं ३० सेकंदांच्या उशिरानेही, कुठलीही खूण नसताना, नवीन काम शिकू शकतात. मग तांबडीला का नाही? पिंजऱ्यात कबुतराला करायला फारसं काही नसतं, म्हणजे उशिरात घुसखोरी करायला बाकी कामं कमी. माझ्या टेबलावर पुठ्ठा आहे, पोतं आहे, पुतणीची ओढणी आहे, खाली कोंबडा आरवतोय. पुढच्या वेळी हेच करून बघायचं, उशीर तेवढाच ठेवायचा आणि टेबल ओकंबोकं करायचं, पुठ्ठ्याला कडाच राहणार नाही असं काहीतरी. जमलं तर माझं १३ नोव्हेंबरचं पत्ता चुकण्याचं म्हणणं अजून पक्कं होईल, नाही जमलं तर ते बदलावं लागेल.

९ डिसेंबर

तांबडी अंड्यावर आली. सकाळी टेबलावर ठेवली तर झाकणांकडे ढुंकून बघत नाही, पोत्याखाली शिरायला बघते, जागा शोधतेय. तिच्या सेशन दुपारी अंडं घातल्यावर घ्यायच्या असं ठरवलंय, पण दुपारी तिचं पोट भरलेलं असतं. काळीला उद्यापासून लाल बंद, निळं चालू. ओकंबोकं टेबल करायला प्लायचा तुकडा सुताराकडे सांगून ठेवलाय, बुधवारी देतो म्हणालाय.